गिऱ्हाइकाच्या बाजूने

आई, मी आता दादरला राहते, हे तुला माहीत नाही. बाजारापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर घर आहे आणि रविवारी सकाळी मासळी मी अजून तुझ्याच ओट्यावरून आणते. आज वहिनीनं कोलंबी दिली, ती साफ करून हळद-मीठ लावून झाकून ठेवली आहे आणि मग हा कागद पुढ्यात घेतला आहे. काल माझ्या ऑफिसातला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस होता आणि मी तिथे नव्हते. आजारी नव्हते, मला कुणी काढूनही टाकलेलं नाही, उलट वरच्या जागेवर नेलं आहे. पण माझ्याच हाताखाली वाढलेल्या मुलीनं मला सांगितलं की शनिवारी येऊ नका. घरात सांगितलं तर नवरा हसेल, ऑफिसात तर सांगायची सोयच नाही. म्हणून तुला सांगते आहे.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही आणि मीही ते कधी नीट सांगितलं नाही. पहिली नोकरी लागली तेव्हा तू शीवच्या आपल्या घरात चुलीपाशी बोंबील तळत होतीस आणि मी दारात उभी राहून पेढ्यांचा पुडा पुढे केला होता. "कंप्युटरवर तू इकतेस तरी काय गो?" असं तू विचारलंस. दुकानदारांची बिलं निघतात ना, ती आमच्या सॉफ्टवेअरमधून निघतात, असं मी म्हणाले. तू बोंबील उलटलेस आणि म्हणालीस, "म्हंजे माल त्यांचा, गिऱ्हाईक त्यांचं, आनि मधी तू? बरं हाय की मग. मासा कुजायची भीती नाय." त्यानंतर आजपर्यंत माझ्या धंद्याचं याहून चांगलं वर्णन मला कुणी करून दाखवलेलं नाही, आणि मी बरीच महागडी माणसं त्यासाठी बसवली आहेत. त्याच आठवड्यात तू मला अत्तराची एक छोटी कुपी आणून दिलीस. कशाला म्हणून विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बसशील त्यांच्यात. कुनी वास येतो बोललं तर?" मी चिडले होते. आता मात्र कळतं. स्वतःच्या हातांच्या वासाची तुला कधीच लाज वाटली नाही, माझ्यासाठी मात्र तू ती वाटून घेतलीस.

तू गेल्यानंतरचं थोडक्यात सांगते. मी त्याच कंपनीत राहिले, लोअर परळला, जिथे आधी गिरणी होती तिथल्या उंच इमारतीत. वर चढायला फार वेळ लागला. दोनदा माझ्या डोक्यावर बाहेरून पुरुष आणून बसवले आणि दोन्ही वेळा त्यांना काम मीच शिकवलं. मला सांगायचे, काम उत्तम आहे, फक्त आवाज जरा खाली ठेवा, लोक बिचकतात. आवाज, आई! तुझ्या लेकीला! बरं, त्यासाठी एक बाईसुद्धा नेमली होती, ती मला हळू बोलायला शिकवायची. मीही शहाण्यासारखी शिकले. शेवटी टेक्नॉलॉजीचा सगळा विभाग माझ्या हातात आला. काचेची केबिन मिळाली आणि खिडकीतून अर्धं परळ दिसायला लागलं. तेव्हापासून दर मार्चमध्ये महिला दिनाला मला व्यासपीठावर बसवतात आणि मासळी बाजारातून इथपर्यंतचा प्रवास सांगायला लावतात. मी सांगते, लोक टाळ्या वाजवतात आणि मी घरी येऊन भांडी आपटते. त्या गोष्टीतली तू मला ओळखूच येत नाहीस. त्यातली आई सोशीक आहे, कष्टाळू आहे आणि तिला सगळं आधीपासून कळतं. तू तर हट्टी होतीस, रुसायचीस, आणि ओटा तुझ्याकडून सुटता सुटत नव्हता.

ते व्यासपीठावर मी कधीच सांगत नाही, पण काल दिवसभर मला तेच आठवत होतं. तुझे गुडघे गेले तेव्हा तू वहिनीला म्हणालीस, आजपासून ओटा तुझा. तुला तो तुझ्या सासूनं दिला होता, तसाच तू सुनेला दिलास. आणि दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूला एक क्रेट पालथा घालून तू त्यावर ठाण मांडलंस. गिऱ्हाईक यायचं, वहिनीच्या डोक्यावरून तुझ्याकडे बघायचं, "मावशी, पापलेट कसं?" म्हणायचं, आणि भाव तू सांगायचीस. असं कित्येक दिवस चाललं. एका दुपारी वहिनीनं घरी येऊन रिकामी पाटी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आई, तुमी हितं बसल्यात तवर मी नुसती बर्फ फोडनारी." दोन दिवस कुणाशीच बोलली नाहीस. वहिनी घाबरली, मला म्हणाली, आता घरातून काढतात बहुतेक.

मग तो सुट्टीचा दिवस. तू सकाळी अंघोळ केलीस, ठेवणीतलं लुगडं नेसलीस, केसांत अबोलीची वेणी माळलीस आणि मला म्हणालीस, पिशवी घे. आपण बाजारात जातो. तू ओट्याच्या मागे जात नाहीस, पुढे उभी राहतेस, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे. वहिनीची अजून बोहनी झालेली नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं, हे त्या रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तू सुरमईवर बोट ठेवतेस आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतेस, "काय गो, कशी दिली?" वहिनी पुटपुटत भाव सांगते. "एवढी? सोन्याची हाय काय? कल्ले बघ हिचे!" सगळ्या बायकांचे कोयते थांबतात. वहिनी गोरीमोरी होते, माझ्याकडे बघते, मग तुझ्याकडे. आणि मग तिला कळतं. ती कमरेवर हात ठेवते. "कल्ले लालभडक हायत. आधी डोळे तपासून या. घ्यायची तं घ्या, नाय तं पुढं चला!" केवढा हशा पिकला होता, आई. तिनं सांगितलेला भाव तू पुरता मोजलास, वहिनीनं नोट कपाळाला लावली, आणि त्या दिवसानंतर ओटा कुणाचा हे बाजारात कुणी विचारलं नाही. घरी सुरमई खाताना तू म्हणालीस, "महाग दिली मेलीनं," आणि तुझ्या चेहऱ्यावरून आनंद नुसता सांडत होता.

आता माझी फजिती ऐक. मला कंपनीनं व्यवसायाचा सगळा कारभार दिला आणि माझ्या जुन्या जागेवर ही मुलगी आली. परळच्या चाळीत वाढलेली, हुशार, कमी बोलणारी. माझ्याकडे शिकाऊ म्हणून आली तेव्हापासून मी तिला बघते आहे. तिला ती जागा मिळावी म्हणून मी वरच्यांशी भांडले होते. पण जागा दिल्यावर मी तिच्या प्रत्येक मीटिंगला जाऊन बसायला लागले. कोपऱ्यातच बसायचे हं, पण मुलं प्रश्न तिला विचारायची आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघायची. मला ते कळत होतं, आणि आवडतही होतं. त्या जागेसाठी मी किती घासले होते, आई, ती अशी सहज कशी सुटेल? तरी एक दिवस मनाशी ठरवलं की पुरे झालं. तू केलंस तसं करायचं.

दिवाळीच्या आधीचा शनिवार आमच्यासाठी सगळ्यात कठीण. सगळी दुकानं भरलेली, आणि बिलं अडली तर आमची अब्रू जाते. त्या दिवसाची तयारी ती सगळ्या विभागापुढे मांडत होती. मी मुद्दाम समोर जाऊन बसले, आणि ज्या आवाजाला मी इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं तो मोकळा सोडला. "एवढे सर्व्हर? कशाला? निम्म्यात का होत नाही?" मी वाट बघत होते की ती कमरेवर हात ठेवेल. ती म्हणाली, "मॅम, मी परत बघते." मला वाटलं, अजून कळलं नाही तिला, म्हणून मी आणखी ताणलं. "परत काय बघणार? आत्ता सांग!" तिचा चेहरा पांढरा पडला होता. संध्याकाळी एचआरची बाई माझ्या केबिनमध्ये येऊन, एखाद्या पेशंटशी बोलावं तसं हळुवार, सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आली आणि दार लावून उभी राहिली. "मॅम, मी त्या जागेवर नको असेन तर सरळ सांगा. दुसरीकडची ऑफर आहे माझ्याकडे, आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय." मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, तुझं, वहिनीचं, सुरमईचं, बोहनीचं. ती ऐकून घेत होती, मध्ये एकदा हसलीही. मग म्हणाली, "गोष्ट छान आहे, मॅम. पण आमच्या घरात, वरचा माणूस चारचौघांत ओरडला तर त्याचा एकच अर्थ होतो, काम गेलं. तो आम्हाला आजोबांपासून पाठ आहे." मी काही बोलणार तेवढ्यात तिनं हात वर केला. "आणि तुमच्या वहिनी उलटं बोलल्या कारण त्या घरच्या होत्या. मी कुठे घरची आहे? माझी बढती, माझा पगार, सगळं तुमच्या सहीवर आहे. मी कशी बोलणार, घ्यायचं तर घ्या?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तू ओट्याच्या पुढे उभी राहिलीस तेव्हा खरोखर गिऱ्हाईक झाली होतीस. मी समोर बसले तरी मालकीणच राहिले होते. मी तिची माफी मागितली, आणि मग मी काय करू, असं विचारलं. खरंच विचारलं, कारण मला सुचत नव्हतं. ती म्हणाली, "शनिवारी येऊ नका. फोनही करू नका. लागलं तर मी करेन." दारापाशी जाऊन परत वळली. "आणि सर्व्हर कमी होणार नाहीत." दार लावलेलं होतं, ऐकायला कुणी नव्हतं, पण ती बोलली. मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. पण आमच्या ऑफिसात तसं करत नाहीत, म्हणून मी फक्त मान हलवली. संध्याकाळ उलटून गेली आणि ती कुठे गेली नाही.

म्हणून काल मी घरी होते. चकलीची भाजणी चाळली, पंखे पुसले, तुझी मच्छीची कढई घासली, खरं तर ती घासायची गरजही नव्हती. नवऱ्यानं दोनदा विचारलं, बरं नाही का? दिवेलागणीला तिचा निरोप आला की सगळं नीट पार पडलं, कुठेही काही अडलं नाही, टीमला घरी पाठवलं आहे, शुभ दीपावली. मी पानभर प्रश्न टाइप केले, मग ते सगळे पुसले आणि "शाब्बास" एवढंच पाठवलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, त्यामुळे खरं ते लिहून टाकते. काल दिवसभर फोन माझ्या हाताशी होता. पीठ लागलेल्या हातानंही मी तो उचलून बघत होते. मला वाटत होतं, काहीतरी अडावं. फार नाही, थोडंसंच. एखाद्या गल्लीतल्या दुकानाचं बिल निघू नये आणि त्या खोलीत कुणीतरी म्हणावं, मॅमना विचारा. कुणी म्हणालं नाही. निरोप वाचून मला अभिमान वाटला, अगदी मनापासून वाटला, पण त्याच्या क्षणभर आधी वाईट वाटलं. वहिनी पहिल्यांदाच सगळी मासळी विकून दुपारच्या आत घरी आली, त्या दिवशी तू "बरं झालं" म्हणालीस आणि डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. मी तुझ्या कपाळाला किती वेळ बाम चोळत बसले होते. तुझं डोकं दुखत नव्हतं ना गं?