भोंग्याची वायर

प्रिय डिंपल,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मग वाचून पाहिलं तर खरंच वाटलं, म्हणून खोडलं नाही. फोनवर काहून नाही बोलली म्हणशील. फोनवर तू हो आई, हो आई म्हणते अन् फोन तुझ्या आईच्या हातात देते. मग आम्ही दोघी पावसाचं बोलतो. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नको. तीन दिवसांपासून लिहून राहिली. तुझ्या सासऱ्यानं विचारलं, कोणाले अर्ज करून राहिली? मी म्हटलं, करून राहिली एका मोठ्या साहेबाले. त्याले अर्धंच ऐकू आलं, तो बैलाले पाणी दाखवायले गेला.

इकडे बरं आहे. हलका धान निसवला. तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माहेरी गेली, तेव्हा बांध्यांत नुसता हिरवा पाला होता, आता लोंब्या खाली वाकल्या. धनंजयचा ट्रक आठवड्यातून एकदा घराकडून जातो. तुझ्याकडे बपेऱ्याले जाऊन आला की तोंड शिवून बसतो. मी विचारलं की म्हणतो, बरी आहे. बरी आहे हे काय सांगणं झालं? जेवते का, हसते का, काही नाही. पोरगा बापावर गेला.

आपली बोट चालू आहे. धरणानं गाव बुडवलं अन् शेतं पलीकडच्या काठाले ठेवली, तवापासून लोकांचा जीव या बोटीत. तरी शकुनबाई रोज उशिराच येते अन् येऊन मलेच म्हणते, चल ना बाई, कायची वाट पाहून राहिली. मारोतराव अजून इंजिनच्या पेटीवरच बसतात. तिथं बूड शेकते म्हणतात, गुडघ्याले बरं वाटते. त्यांच्या त्या बुडामुळंच हे पत्र लिहायची पाळी आली, ते सांगतो.

पोळ्यानंतर धरणाचं पाणी वाढलं, पंधरा दिवस बोट बंदच होती. मग चालू झाली ती बिनाआवाजाची. इंजिनचा आवाज होता, पण तू इंजिनले जोडलेला भोंगा वाजत नव्हता. मी मनात म्हटलं, पाहा, भोंगा नाही तर कटकट नाही. घट बसले. पहिल्या मंगळवारी बोट गच्च भरली. तुले माहीत आहे, जुन्या गावाच्या वर आली की सगळ्या बाया म्हणतात, थांबव. खाली मातामाय आहे. देऊळ पाण्यात गेलं म्हणून देवी थोडीच उठून गेली? इंजिन हळू करून तुझ्या सासऱ्यानं बोट धरली, बायांनी फुलं सोडली, ओटी सोडली. मी पण खण सोडला, हिरवा, जरीच्या काठाचा. मग निघालो. अर्ध्यात आलो अन् मारोतराव एकदम उठून उभे राहिले. सुलोचनावहिनी, आज शेकून नाही राहिलं, भाजून राहिलं. सगळ्या हसल्या. मी पेटीवर हात ठेवला अन् माझं हसणं गेलं. पेटीच्या फटीतून वाफ येत होती.

इंजिन बंद केलं. पाण्यात मधोमध तेरा माणसं, अन् मी काय करू ते मले कळेना. शिव्या द्यायले पण कोणी नाही. मग तुझा बिस्कुटाचा डबा आठवला, बाकाखाली खोचलेला. मले वाटायचं त्यात तुझं काही शिवणाचं असेल. उघडला तर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक काळं रबराचं चाक, पान्हा, अन् झाकणाच्या आतून चिकटवलेला कागद. डिंपल, तू इतकी मोठी अक्षरं काढते हे मले माहीत नव्हतं. धनंजयच्या हिशेबाच्या वहीत तर तुझी अक्षरं मुंगीएवढी. वरच्या ओळीत लिहिलं, आई, घाबरू नका. म्हणजे तो कागद माझ्यासाठीच होता. मले लहान अक्षर दिसत नाही हे तू कधी पाहिलं ग?

मग तुझ्या कागदानं सांगितलं तसं केलं. आधी थंड होऊ दिलं. तेलाची सळई काढली, पुसली, परत घातली, पाहिली. तेल दोन रेघांच्या मधात. म्हणजे तेलाचा दोष नाही. पट्टा अंगठ्यानं दाबला, ढिला नाही. मग कागद विचारतो, मागच्या नळीतून पाणी जोरात पडत होतं का? नव्हतं. सकाळपासून बारीक धार होती, म्हाताऱ्या नळासारखी. मी पाहिलं होतं अन् पाहून सोडून दिलं होतं. इंजिन नदीचं पाणी पिते अन् गरम करून मागून टाकते, पाणी नाही मिळालं की ते तापते. हे तू मले किती वेळा सांगितलं असेल, अन् मी किती वेळा म्हटलं असेल, मले नको शिकवू. मग मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून, पाण्याची जाळी साफ करा. कॉक आधी बंद करा, नाही तर नदी आत येईल. कॉक बंद केला. जाळीचं झाकण खोललं.

काय निघालं सांगू? झेंडू. पाकळ्यांची चटणी झाली होती. हळदीचं सूत, हार बांधायचा दोरा, अन् सगळ्यात वर हिरवा जरीचा काठ. दुसऱ्या कोणाचा असता तर त्या बाईले तिथंच सुनावलं असतं. माझाच होता. शकुनबाईनं ओळखला, पदरानं पुसून माझ्या हातात ठेवला.

त्या पाण्यावर बसून सगळं एकेक समजलं. तू रोज सकाळी बोटीत जाऊन अर्धा तास काय करत होती ते. मी म्हणायची, सून घरातली भांडी टाकून इंजिनले न्हाऊ घालते. इंजिन तापलं की वाजायले लावलेला भोंगा पोळ्याच्या दिवशी काहून वाजला ते. त्या दिवशी तर दोन बोटींत मावतील एवढी फुलं एकाच बोटीतून सोडली होती. अन् भोंग्याजवळ लाल दिवा काहून लावला ते पण. तुझ्या सासऱ्याले भोंगा ऐकू येत नाही, दिवा तरी दिसेल.

जाळी धुतली, काठापर्यंत हळूहळू आलो. दुसऱ्या दिवशी इंजिनचं पाणी ओढणारं चाक खोललं, चार स्क्रू. जुन्या चाकाच्या दोन पाकळ्या तुटलेल्या, एक तुकडा पुढच्या नळीत अडकलेला, चिमट्यानं काढला. तुझ्या डब्यातलं नवीन चाक साबणाच्या पाण्यानं सरकवलं. पहिल्यांदा बसलं नाही, दुसऱ्यांदा पण नाही, तिसऱ्यांदा मी त्याले तुझ्या माहेरच्या बोलीत शिवी दिली, बसलं. आता मागून पाणी असं पडते की म्हशी धुवाव्या. मातामायजवळ आता इंजिन पूर्ण बंद करतो. फुलं पाण्यावर दूर वाहून गेली की मगच चालू. बाया म्हणतात, आवाज नसला की बरं वाटते. रोज सकाळी जाळी मी धुतो. भांडी पडून राहतात.

आता ज्यासाठी लिहायले बसली ते. पोळ्याले भोंगा वाजला तेव्हा तू इंजिन बंद केलं, अन् मी बारा माणसांसमोर विळ्यानं भोंग्याची वायर कापली, तिच्यावरचा लाल दिवा पण गेला. अन् म्हटलं, तुझ्या आईनं तुले इंजिन शिकू दिलं, गप्प बसणं नाही शिकवलं. परवाच्या शुक्रवारी जुन्या गावाच्या वर इंजिन बंद होतं, तीच माणसं होती, एक कमी होता, त्याले काठावर जाऊन सांगितलं. मी म्हटलं, चूक माझी होती, पोरगी बरोबर होती. शकुनबाई म्हणाली, हे खाली मातामायनं पण ऐकलं. बारा माणसांचं झालं. तेरावी तुझी आई राहिली. वायर मी जोडली आहे, चाबी फिरवली की भोंगा वाजतो अन् इंजिन लागलं की चूप होतो, तू सांगितलं तसाच. पण जोड कच्चा आहे, नुसती पट्टी गुंडाळली. तू यावं असं मी लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. मीच येतो, मंगळवारची बोट करून, तुमसरवरून मिळेल त्या गाडीनं. येऊ का, तेवढं कळव. विहीणबाईच्या दारात उभी राहून मले एवढंच म्हणायचं आहे की बाई, बरं झालं तुम्ही तिले गप्प बसणं शिकवलं नाही.

तुझीच,
सासू, सुलोचना