इटलीला जायचंच

३ मे १९७२, सांगली

माझं नाव आलं! विद्यापीठातून इटलीच्या उत्खननाला एकच मुलगी — मी, शालन हंबीरराव जगदाळे! मुजावर सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा खरंच वाटेना. उन्हाळी शिबिर आहे, पण तिकडचा उन्हाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट. टायबर नदीच्या खोऱ्यात एक जुनं गाव उकरायचं, देशोदेशीची पोरं एकत्र, शिकवणारे तिकडचेच. जाण्यायेण्याची सोय विद्यापीठ करणार. फक्त वडिलांची सही हवी, जूनअखेर. सर म्हणाले, "वडील फौजेतले, इटलीत लढलेले. ते कशाला अडवतील?" मलाही तेच वाटतंय. उद्याच गावी निघते.

५ मे, गावी

"न्हाई."

एवढंच! आबांनी कागद वाचला, घडी घातली, परत दिला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

आई म्हणते, पोरीची जात, परदेश, भावकी काय म्हणेल. पण आबा तसले नाहीत. मला सांगलीला शिकायला धाडलं तेव्हा भावकीला त्यांनीच गप्प केलं होतं. मग आताच काय झालं?

साळूकाकू मात्र हरखली. तिचे मालक, म्हणजे गुंडाकाका, आबांचे धाकटे भाऊ. दोघं एकाच पलटणीत होते. काका इटलीतच बेपत्ता झाले. काकू तेव्हा नुकती नांदायला आलेली. बेपत्ता म्हणजे काही मेला नव्हे, म्हणून ती अजून ठसठशीत कुंकू लावते, वटपौर्णिमा करते. गावातले टवाळ म्हणतात, गुंडानं तिकडं मड्डम केली. काकू ऐकून घेते आणि कामाला लागते.

१२ मे

सरळ विचारलं, "आबा, कारण तरी सांगा." म्हणाले, "इलायतंला जा, कुठंबी जा. तिथं न्हाई."

मीही त्यांचीच लेक. हटणार नाही.

१९ मे

अबोला. आम्ही बापलेक म्हशीमार्फत बोलतो. "म्हशे, तुझ्या मालकीणबाईस्नी सांग, वैरण टाका म्हणावं." मी म्हशीला सांगितलं, "आधी सही, मग वैरण." आई कपाळ बडवून घेते. वैरण शेवटी मीच टाकली, म्हशीचा काय दोष!

२ जून

घरी बसून रडण्यापेक्षा सराव बरा. पांढरीच्या टेकाडावर गेले — पूर्वी गाव तिथं होतं, आता ओसाड आहे. दोरी-खुंट्यांनी चौकोन आखला आणि थापीनं माती काढायला लागले. गुडघाभर गेले तर खापऱ्या निघाल्या! इतक्यात आबा. म्हटलं, आता ओरडणार. पण खड्ड्याकडं बघत उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "किती खोल जाता तुमी लोकं?"

"वस्ती संपेपर्यंत. कधी पुरुषभर, कधी जास्त."

"आन् हाडं लागली तर?"

मला वाटलं, गडी वळला! मी उत्साहानं सांगितलं, "लागली तर बरंच की! ब्रशनं साफ करायची, फोटो काढायचा, नंबर घालून पेटीत."

आबांनी एकेक खुंटी उपटली आणि निघून गेले. मी रागानं रडले. मग सगळ्या खुंट्या पुन्हा रोवल्या.

१४ जून

पाऊस नाही. सही नाही.

२५ जून

आज कळलं. 

दुपारी आबा टेकाडावर आले आणि माझ्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले. खाली बघतच बोलायला लागले.

"गुंडा बेपत्ता न्हाई, शालन. माझ्या मांडीवर गेला."

टायबरच्याच वरच्या अंगाला एक वाडी, द्राक्षाचे मळे, तिथं. "लाकूड व्हतं गं. पर जाळ केला आसता तर धूर बघून जर्मनानं गोळं टाकलं आसतं. समदी पोरं मेली आसती. मग पुरला. ह्या हातानं. सख्ख्या भावाला अग्नी दिला न्हाई, मातीत घातला." साहेबानं विचारलं तेव्हा सांगितलं — दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पलटण पुढं गेली. घरी तोंड कसं दाखवायचं? आणि साळूकाकू तर पोरसवदा. तिचं कुंकू कुणी पुसायचं?

"आता तुमी तिथंच उकरणार. तुझ्याच थापीला लागला तर? नंबर घालून पेटीत घालशील त्याला?"

मी काय बोलून बसले होते! जीभ झडायला हवी होती.

म्हटलं, "आबा, आम्ही खणणार ती माती दोन हजार वर्षांची. आणि काका लागलेच, तर कुणाला हात लावू देणार नाही. आधी माझ्याशी गाठ आहे."

 मग त्यांनी कागद मागितला. सही केली, फौजेतली, इंग्रजीत. उठताना म्हणाले, "घरात बोलायचं न्हाई. उद्या वटपौर्णिमा हाय."

जिंकले. आनंद मात्र होत नाही.

२६ जून

काकूबरोबर वडाला गेले. ती सूत गुंडाळत होती तेव्हा मला तिच्याकडं बघवेना. परतताना बाकीच्या बायका पुढं गेल्या आणि ती थांबली.

"आबांनी सई केली न्हवं? मग तुला सांगितलं आसंल."

मी हातातलं पूजेचं ताट सावरलं. काकूच पुढं बोलली,

"लढाईवरनं आलं ते माहुलीला, जितं दहावं घालत्यात त्या घाटावर उतरून, डोकं, मिशी समदं काढून. म्हनलं, उवा झाल्या. समद्यांस्नी पटलं. उवांपायी मिशी कोन काढतंय गं? पर सांगायचं त्यांच्या जिवावर आल्यालं. मग मीबी कवा इचारलं न्हाई."

तिनं कुंकवाची पुडी माझ्या हातात कोंबली.

"जागा घावली तर हे तिथं वाह. तू येईस्तवर मी लावती. आलीस का मग पुसती."