अंतर द्या

६ एप्रिल

कपाटात बसून सरकारी काम केलं! खोटं नाही. स्टुडिओ बंद, म्हणून नवऱ्याचे कोट आणि माझ्या गोधड्या यांच्या मध्ये डोकं खुपसून रेकॉर्डिंग. कपड्यांत आवाज घुमत नाही. नवरा बाहेर पहाऱ्यावर – फ्रिज बंद, पंखा बंद. वरच्या मजल्यावरची बाई व्यायामाच्या नावाखाली आमचं छत पाडत असते, तिलाही हात जोडून थांबवलं.

मजकूर महापालिकेचा. साथ आटोक्यात येईपर्यंत शहरात कुणीही कुणाला फोन लावला की आधी मी बोलणार, मगच पलीकडे रिंग जाणार. 'घरीच थांबा. तोंड झाका. दोन हातांचं अंतर ठेवा. वडीलधाऱ्यांना जपा.' बस्स. इतकी वर्षं लिफ्टमध्ये 'तळमजला' म्हणत आले आणि बँकेत 'आपण रांगेत आहात'. आता बढती!

माहिती खात्यातला गृहस्थ फोनवरून सूचना देत होता. वाक्यागणिक 'कृपया'. 'कृपया जरा हळू कृपया.' त्याचं नाव आजपासून कृपयाबुवा.

'वडीलधाऱ्यांना जपा' म्हणताना वडिलांचा, आमच्या अण्णांचा, चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांनाच सांगितल्यासारखं म्हटलं. पहिल्याच झटक्यात पास!

८ एप्रिल

सुरू झालं. पावाच्या दुकानात फोन लावला – पलीकडे मीच! माझंच ऐकून वैताग आला.

नवरा: 'आता कळलं, मला रोज काय वाटतं ते?'

११ एप्रिल

भाजी आणायला गेले होते. दुकानापुढे रस्त्यावर पांढरी वर्तुळं काढली आहेत, एकेका माणसाने एकेकात उभं राहायचं. लोकांनी काय केलं? वर्तुळांत पिशव्या ठेवल्या आणि स्वतः झाडाखाली घोळका करून गप्पा हाणत बसले! पिशव्या मात्र काय शिस्तीत! या शहरातल्या पिशव्यांना काही होणार नाही एवढं नक्की.

निम्म्यांचे मास्क हनुवटीवर. एका सद्‌गृहस्थाला शिंक आली. त्याने मास्क खाली ओढला, माझ्या दिशेने शिंकला, मास्क परत वर चढवला. म्हटलं, 'अहो!' तर म्हणतो कसा – 'मग काय, मास्क घाण करू?'

कप्पाळ! घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले.

१२ एप्रिल

टीव्हीवर महापौर. 'गर्दी करू नका' हे सांगायला मागे माणसांची भिंत उभी. ज्यांना आपला चेहरा दिसावा असं वाटत होतं ते टाचा उंचावून उभे. बोलायची पाळी आली की प्रत्येकाने मास्क काढायचा आणि त्याच माइकवर थुंकी उडवायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

'परिस्थिती नियंत्रणात आहे,' म्हणाले. तेवढ्यात माइक पडला.

१५ एप्रिल

हद्द झाली!! पेपरात पहिल्या पानावर फोटो. महापौर बाजारात फीत कापताहेत – कशाची, तर त्या पांढऱ्या वर्तुळांची! वर्तुळांचं उद्घाटन! आणि एका वर्तुळात अख्खी फलटण. महापौरांच्या खांद्याला खांदा लावून, मास्कबिस्क काही नाही, तोंडभर हसताहेत – आमचे अण्णा!

आई गेल्यापासून अण्णा नदीपलीकडे एकटे राहतात. दम्याचे पेशंट, खिशात कायम पंप. जन्मभर शाळेत भाषा शिकवली. महापौर त्यांचा विद्यार्थी, म्हणून त्याला सगळं माफ. दवाखान्यात खाटा नाहीत? 'एकटा पोरगा कुठे कुठे पुरा पडणार?' औषधं संपली? 'वरूनच येत नसतील.' आणि मी लहानपणी एक वेलांटी चुकवली तर आठवडाभर बोलणी खाल्ली होती!

फोन केला. 'अण्णा, तुम्हाला काही झालं म्हणजे?'

'मला शिकवू नकोस. मी पिढ्या शिकवल्यात.'

'मग मास्क लावायला तुम्हाला कोण शिकवणार? तो?'

जरा जास्त झालं. माहीत आहे. पण निघून गेलं तोंडातून.

'ठेव फोन,' म्हणाले. 'आणि परत करू नकोस.'

ठेवला. मग बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसले. राग थोडा, भीती फार. त्या फोटोतल्या एकाला जरी ताप असेल तर अण्णांच्या छातीला ते झेपायचं नाही.

१६ एप्रिल

अण्णा फोन उचलत नाहीत. लावला की मीच मला बजावते – वडीलधाऱ्यांना जपा. जपू कशी, बाई? तूच सांग!

१९ एप्रिल

अण्णांची रिंग! एक वाजली आणि कट. लगेच उलट फोन केला – उचलला नाही.

२३ एप्रिल

रोज हेच. एक रिंग आणि कट. बोलायचं तर नाही, पण रिंग मात्र द्यायची! नवरा म्हणतो, 'हजेरी लावतात. जिवंत आहे म्हणून.' असेल. मला तेवढंही पुरतं. रिंग आली की माझा जीव भांड्यात पडतो आणि मग मी कामाला लागते. मी उलट फोन करत नाही आता. माझंही नाक काही कमी लांब नाही. बापाचंच आहे ते.

त्यांच्या इमारतीखाली औषधाचं दुकान आहे. तो औषधवाला माझा गुप्तहेर. 'सर बरे आहेत, ताई. खोकला नेहमीचाच. मास्क लावतात हो आता. पण नाकाच्या खाली.'

नाकाच्या खाली! हनुवटीवरून ओठांपर्यंत तरी आला. प्रगती आहे.

२७ एप्रिल

कृपयाबुवांचा फोन. 'कृपया एक वाक्य बदलायचंय. महापौरसाहेबांनी कृपया स्वतः लिहिलंय.'

वाक्य: 'एकमेकांना दोन हातांचं अंतर द्या.'

मी म्हटलं, 'द्या नव्हे हो, ठेवा! अंतर देणं म्हणजे टाकून देणं. "मी तुला कधी अंतर देणार नाही" असं म्हणतात ना?'

गडी एकदम माणसासारखा बोलला. 'मॅडम, मला कळतंय. मीही सांगून पाहिलं. साहेबांचं म्हणणं, "ठेवा" म्हटलं की हुकूम वाटतो, "द्या" म्हटलं की काहीतरी दिल्यासारखं वाटतं. निवडणूक तोंडावर आहे. द्यायला सध्या दुसरं काही नाही.'

काय बोलणार! त्या बिचाऱ्यालाही वर तोंड दाखवायचंय. म्हटलं, पण मुलखाचं हसं होईल. तर परत 'कृपया' सुरू. शेवटी कपाटात शिरले आणि गोधडीकडे तोंड करून, स्वच्छ, गोड आवाजात अख्ख्या शहराला सांगितलं – टाका एकमेकांना!

हे अण्णांच्या कानावर गेलं तर माझं काही खरं नाही.

३० एप्रिल

झालं हसं! वरच्या मजल्यावरच्या बाईने नवऱ्याची गादी बाहेरच्या खोलीत फेकली. 'सरकारच सांगतंय, अंतर द्या!' जिन्यात ऐकू येईल इतक्या मोठ्याने. कोपऱ्यावर महापौरांचं पोस्टर आहे – हात जोडलेले, खाली नवं वाक्य. त्याखाली कुणीतरी कोळशाने लिहिलंय, 'तुम्ही आम्हाला कधीच दिलंत!' आमच्या घरातही, 'आज भांडी तू घास' म्हटलं तर नवरा विचारतो, 'नाहीतर काय, अंतर देशील?'

हसून हसून पोट दुखलं. मग लक्षात आलं. अण्णांची रिंग दोन दिवस आलेली नाही.

२ मे

आजही नाही. औषधवाल्याला फोन केला. 'सर आहेत ना घरात. ठीक आहेत. पण तीन-चार दिवसांपासून फार तापलेत. अंगाने नव्हे हो ताई, डोक्याने. मला विचारत होते – ती शुद्धीवर आहे का?'

ती म्हणजे मी!

आणि त्याहून वाईट बातमी. सात तारखेला महापौर नाट्यगृहात मेळावा घेताहेत. विषय – गर्दी टाळा! गर्दी टाळण्यासाठी मेळावा!! डोकं फोडून घ्यावं कुणाच्या तरी भिंतीवर. तिथे व्यासपीठावर महापौरांच्या शिक्षकांना मानपत्र देणार. अण्णांनी कोट इस्त्रीला दिला आहे.

बंद नाट्यगृह. खिडकी एक नाही. आणि अण्णांची छाती.

४ मे

नवऱ्याला घेऊन नदीपलीकडे गेले. अण्णा वरून खाली येईनात, मी वर जायचं नाही, कारण मी बाजारात फिरते, कुणाकुणाच्या शिंका झेलते. शेवटी औषधवाला मध्ये. जिन्यातून वर-खाली, वर-खाली. पाय दुखले बिचाऱ्याचे.

मी: 'त्यांना सांगा, मेळाव्याला जाऊ नका. पाया पडते.'

वरून: 'तिला म्हणावं, आधी क्रियापद सुधार. माझ्या मुलीच्या तोंडून गावभर "अंतर द्या"? मी मेलो असतो तर बरं झालं असतं.'

मला हसू आलं आणि रडूही. साथीने शहर घायकुतीला आलंय, आणि हा माणूस क्रियापदापायी मरायला निघाला आहे!

मी: 'त्यांना सांगा, वाक्य माझं नाही. तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. मी भांडले. माझं कुणी ऐकलं नाही.'

औषधवाला वर गेला. बराच वेळ आलाच नाही. आला तो डोकं खाजवत. 'ताई, सरांनी ऐकून घेतलं. खुर्चीत बसले. मग उठून टीव्ही बंद केला.'

खाली उभी राहून खिडकीकडे बघत होते. पडदा जरासा हलला. वाराही असेल.

७ मे

टीव्हीसमोर नखं खात बसले. व्यासपीठ खच्चून भरलेलं. लोक एकमेकांच्या मांडीवर बसायचे तेवढे बाकी. महापौर म्हणाले, 'माझे आदरणीय गुरुजी...' आणि कॅमेरा वळला.

खुर्ची रिकामी!!

मी एवढी जोरात ओरडले की वरच्या बाईने पाय आपटले.

८ मे

औषधवाल्याकडून कळलं. सकाळी गाडी आली होती न्यायला. अण्णांनी दारातूनच परत पाठवली. 'ज्याला "देणे" आणि "ठेवणे" यातला फरक कळत नाही, तो मानपत्रात काय लिहून देईल कोण जाणे! त्याला सांगा, मी त्याला काठावर पास केला होता. तीच माझी चूक.'

दवाखाने, खाटा, औषधं – कशाने जे झालं नाही ते एका क्रियापदाने झालं. कुठल्या कारणाने का असेना, माणूस घरात राहिला! देव करो आणि त्या महापौराने अजून दहा वाक्यं लिहावीत.

पण रिंग नाही. आता काय बिनसलंय? माझा दोष नाही हे कळलं ना त्यांना? मग?

१५ मे

मेळाव्यातल्या व्यासपीठावरच्या निम्म्या लोकांना लागण झाली. महापौरही अंथरुणात. ताप थोडाच आहे म्हणे. बरे होवोत. खरंच. आजाऱ्यावर दात काढायला मजा येत नाही. पण अण्णांची ती रिकामी खुर्ची नेमकी महापौरांच्या शेजारी होती.

अण्णांना फोन केला. माझं 'अंतर द्या' पूर्ण ऐकलं, मग रिंग गेली. वाजत राहिली. उचलला नाही.

नाक कापून ठेवायची माझी तयारी आहे. पण पलीकडे कुणी घ्यायला तर हवं!

१८ मे

कृपयाबुवा: 'कृपया वाईट वाटून घेऊ नका. तुमचं रेकॉर्डिंग काढतोय. उद्यापासून साहेब स्वतः बोलणार. अंथरुणातूनच रेकॉर्ड केलंय. लोकांना भावेल म्हणतात.' मग हळूच, 'मॅडम, "अंतर ठेवा" केलंय मी. ते झोपेत होते, तेव्हा कागद बदलला.'

शाब्बास बुवा!

आपल्याला काय, सुंठीवाचून खोकला गेला. आता निदान पाववाल्याला फोन लावल्यावर मी भेटणार नाही.

१९ मे

सकाळी भांडी घासत होते. फोन – अण्णा! एक रिंग. कट होईल म्हणून थांबले. दुसरी. तिसरी. वाजतच राहिला! साबणाच्या हातानेच उचलला.

'कुठे गेलीस तू?'

'मी? मी कुठे जाणार, अण्णा? घरातच आहे!'

'तसं नव्हे. फोनमधून कुठे गेलीस? रोज लावायचो. तू "वडीलधाऱ्यांना जपा" म्हणेपर्यंत ऐकायचो आणि ठेवून द्यायचो. मग तो भिकार शब्द आला. तेव्हापासून त्याच्या अलीकडेच ठेवायचो, रिंग जायच्या आत. पण लावायचो. आज लावला तर तो गधडा खोकतोय!'

मला बोलताच येईना. मला! जिचं पोट आवाजावर चालतं, तिला!

'एकदा नीट म्हणून दाखव,' म्हणाले. 'ठेवा.'

'अंतर ठेवा,' मी म्हटलं.

'हं. आता बरोबर.' थोडे खोकले. 'फोन नको ठेवूस.'