सासऱ्याचा खोकला

१२ नोव्हेंबर १९५४
आज शाळेत मन लागलं नाई. लटारूले नागपूरहून बोलावणं आलं. मुंबईची कंपनी मशीन घेऊन येऊन राह्यली, त्याचं गाणं रेकॉर्डात भरणार. लटारूचं! चौथीत दोनदा नापास. म्यांच केला. त्याचं गाणं त्याले लिहितासुद्धा येत नाई. तो गाते आन् कागदावर मी उतरवतो. मंग गाणं कोणाचं झालं? कायद्यानं पाहिलं तर माझं.
गावच्या दंडारीच्या खेळात तो ओळ म्हणते आन् मी मागून झील ओढतो. म्हणे, मास्तर, तुमीबी चला. जातो. कंपनीच्या साहेबानं माझा आवाज ऐकला की लटारूचं काम खतम.
संकल्प: आजपासून तंबाखू बंद. गळा जपायचा.

१९ नोव्हेंबर. नागभीडच्या छोट्या गाडीत
तंबाखू चालू. प्रवासात एकदम सोडणं बरं नाई, गळा सुकते.

२० नोव्हेंबर, नागपूर
साहेबानं लटारूले माइकच्या तोंडाशी उभं केलं. मले म्हणे, तुम्ही जरा मागे. आणखी मागे. शेवटी पाठ दाराले टेकली. बावीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये असा इन्सल्ट झाला नाई.
गाणं तेच, पहाटे घरातून सटकणाऱ्या सुनेचं:
‘मोहा येचाले निघाली व माय,
ओसरीत सासरा जागा हाय का काय?’
जीव असा जळून राह्यला होता! साहेबानं आधीच बजावलं होतं, टाचणी पडली तरी रेकॉर्ड खराब होते. म्हटलं, होऊ दे. ‘जागा हाय का काय’ झालं आन् मी खोकलो. साधा नाई, बेंबीच्या देठापासून. साहेब भडकणार, लटारूले हाकलणार आन् म्हणणार, मास्तर, तुम्हीच गा. असा प्लॅन.
साहेब तोंडावर रुमाल धरून हसला. मशीन चालूच.
हे फक्त इथं लिहिलं. कोणाले सांगायचं नाई.

२३ जानेवारी १९५५
रेकॉर्ड आली. वर सोनेरी अक्षरात ‘लटारू आणि मंडळी’. मंडळी म्हणजे मी. पाटलाच्या ग्रामोफोनवर ऐकली. खोकला एक नंबर आला. बाकी रेकॉर्ड बेकार.

१० फेब्रुवारी. चिमूर, घोडायात्रा
भोंग्यावर दिवसभर तेच. सून विचारते, सासरा जागा हाय का, आन् सासरा खोकून सांगते, हाओ, जागा हाये! लोकं शिट्ट्या मारून राह्यले. एक म्हातारा म्हणे, लटारूनं काय खोकला टाकला! न राहवून म्हटलं, बाबा, तो म्यां टाकला. त्यानं मले खालून वर पाहिलं आन् रेवड्या घ्याले गेला.
लटारूचं तोंड पाहायचं नाई, हे ठरलं.

२ एप्रिल
मोहाचे दिवस. पलीकडच्या जंगलात, आमच्या घरी मोहफुलं विकाले येणारी गोंडीण बुधरी आन् तिच्या गावच्या बाया मोहफुलं येचता येचता हेच गाणं म्हणून राह्यल्या. शब्द पार गोंडी करून टाकले. खोकला मात्र माझाच, जसाच्या तसा. डोळ्यात काहीतरी गेलं.
शाळेत पोरं पाढ्याच्या दर ओळीनंतर खोकतात. घरी वच्छला सडा टाकता टाकता खोकली. बायकोपासून काय लपवायचं? सांगून टाकलं, खरा खोकणारा तुझा नवरा. म्हणे, करून दाखवा. दाखवला. म्हणे, राहू द्या, लटारूभाऊसारखा नाई जमत तुमाले.
जेवलो नाई. (नंतर थोडं जेवलो.)

१५ जून
कंपनीले दुसरी रेकॉर्ड पाहिजे. सासऱ्याचंच पुढचं गाणं, खोकल्यासकट. लटारू स्वतः घरी आला. म्हणे, मास्तर, तुमच्या खोकल्यानं माझं गाणं तरलं. तुमी मुद्दाम खोकले, मले तवाच समजलं होतं. म्यां तंबाखूची डबी पुढं केली. म्हणे, साहेबाले कळवलं, यावेळी मास्तरचं नाव छापा.
लटारूबद्दल आजवर लिहिलेलं सारं रद्द. देवमाणूस.
संकल्प: रोज चिंच, आंबट ताक, पावसात उभं राहणे.

२८ जून, नागपूर
माइकच्या तोंडाशी मी! लटारू मागे. अकरा वेळा खोकलो. साहेब म्हणे, हे मास्तरचं खोकणं आहे, सासऱ्याचं नाही. लटारू कानात म्हणे, मास्तर, मागच्यासारखा पोटातून येऊ द्या. कुठून आणू? पोटात आज नुसता आनंद.
शेवटी दारावरच्या चौकीदाराले आत बोलावलं. इसरू नाव. एकदाच खोकला. साहेब म्हणे, फर्स्ट क्लास.
आता ‘लटारू आणि इसरू’ छापणार.

२९ जून, परतीच्या गाडीत
नागपूर सुटलं, इसरूचं नाव सोनेरी अक्षरात डोळ्यापुढं आलं, आन् आला! तोच. बेंबीच्या देठापासून. थांबेच ना. सारा डबा वळून पाहून राह्यला. समोरचा माणूस मांडीवर थाप मारून म्हणे, वा भाऊ, हुबेहूब लटारू! आणखी एकदा होऊ द्या.
आणखी चारदा झाला.