उद्याचं पातेलं

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, काम पूर्वी गणवेशाच्या कारखान्यात काज-बटण आणि हल्ली घर सांभाळणे, कुणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनापर्यंत आले आणि विचारले, उरलेल्या दोनाचं काय करायचं? त्यांनी लगेच सही केली.

याआधी मी कधीही मृत्युपत्र केलेले नाही. हे कागद माझ्या धाकट्या मुलीच्या शाळेच्या जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून शिवलेल्या वहीतले आहेत. वर कोपऱ्यात कुठे कुठे ‘भूगोल’ असे लिहिलेले दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करावे.

कलम १. माझी माणसे. एक मुलगा, त्याला आम्ही थोरला म्हणतो. एक मुलगी, ती धाकटी. थोरल्याची बायको, माझी सूनबाई. आणि वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची मोठी बहीण, वय वर्षे सत्याहत्तर. त्यांनी लग्न केले नाही. जन्मभर एका बाइंडिंगच्या दुकानात पुस्तके शिवली आणि गेली एक्केचाळीस वर्षे त्या आणि मी एका शेगडीवर स्वयंपाक करतो. सध्या, म्हणजे गेले दहा दिवस, त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्याचे कारण साक्षीदारांच्या कलमात येईल.

कलम २. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दीड माणूस मावेल एवढी गॅलरी ही यजमानांच्या माघारी माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात या घरात वन्सं तहहयात राहतील. तहहयात हा वकीलबाईंचा शब्द. माझ्या शब्दांत सांगायचं तर त्यांना कुणी हलवायचं नाही. त्या असेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि त्यांची खाट खिडकीपासून सरकवू नये. त्यांच्यानंतर थोरल्याने आणि धाकटीने निम्मे-निम्मे घ्यावे. वन्संनी माझ्याआधी जाऊ नये, कारण मग मला हे सगळं नव्याने लिहावं लागेल आणि भूगोलाची पानं थोडीच उरली आहेत.

थोरल्या, हे तुझ्यासाठी आहे, म्हणून नीट वाच. गेल्या उन्हाळ्यात तू फोनवर म्हणालास, “आई, तुझ्यानंतर घर काढून टाकू. आत्याची कुठेतरी चांगली सोय करू. तिथे लिफ्ट असते, नर्स असते.” तू वाईट मनाने बोलला नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुला कधी वाईट मनाने बोलता आलंच नाही. पण त्या रात्री मला ताट संपवायला तास लागला. तुझे बाबा गेले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तुझे बूट, तुझी दप्तरं, तुझा टायफॉइड, हे सगळं आत्याच्या सुईदोऱ्यावर निघालं. तिला लिफ्ट नको आहे बाबा. तिला तिची खिडकी हवी आहे.

कलम ३. बँकेत जे काही शिल्लक असेल ते आधी वन्संच्या औषधपाण्याला लावावे, उरेल ते दोघा मुलांनी वाटून घ्यावे. यावर भांडण्याइतके ते नाही.

कलम ४. उद्याचं पातेलं. हे मी धाकटीला देते. बाहेरच्या कुणी हे वाचले तर कळावे म्हणून लिहिते. एक कान तुटलेले, झाकणाचे, अॅल्युमिनियमचे पातेले आहे. आजच्या स्वयंपाकातून जे उरेल ते उद्याची सुरुवात म्हणून त्यात जाते. कोबीचा दांडा, फ्लॉवरची देठं, मटारच्या सालींचं उकळलेलं पाणी, पळीभर डाळ, भातावरची पेज. सगळी पेज नव्हे. थोडी वन्संच्या पुस्तकं चिकटवायच्या खळीला जाते आणि थोडी शर्टाच्या कॉलरला. सकाळी कांदा परतून त्यात हे सगळं ओतलं की निम्मा स्वयंपाक झालेला असतो. बटाट्याच्या साली मात्र त्यात घालायच्या नाहीत, त्या तव्यावर मीठ लावून कुरकुरीत करायच्या. पातेलं कधीच पूर्ण रिकामं करायचं नाही, एवढा एकच नियम.

या पातेल्यापायी आम्ही दोघींनी एक मूर्खपणा केला, तो मुलांना अर्धाच माहीत आहे. यजमान गेल्याच्या दुसऱ्या वर्षी कारखाना अर्धाच दिवस चालू लागला. मी ताट वाढून घ्यायची, वन्संची पाठ वळली की त्यातलं निम्मं पातेल्यात परत घालायची. त्या दिवसभर उभ्याने काम करायच्या, त्यांना उद्या दोन घास जास्त मिळावेत म्हणून. मुलं दोन्ही वेळा पोटभर जेवत होती, तरी पातेलं काही खाली जाईना. मी मनात म्हणायची, काय बरकत आहे बाई या घराला. वन्संही तेच म्हणायच्या, मोठ्याने.

मग मला कारखान्यात चक्कर आली. चार दिवसांनी वन्संना दुकानात आली. डॉक्टरांनी दोघींना एकाच बाकावर बसवलं आणि म्हणाले, “दोघींच्या अंगात रक्त नाही. खाता तरी काय?”

“पोटभर खाते,” मी म्हणाले.

“मीही पोटभर,” वन्संनी सांगितलं.

धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. ती बाकाखाली चप्पल शोधत होती, तिथूनच म्हणाली, “आत्या नसली की आई पातेल्यात परत घालते, आणि आई नसली की आत्या घालते. मला वाटलं तसंच असतं.”

घरी येऊन झाकण उघडलं. आमच्या आजारपणात पातेलं कुणी तापवलं नव्हतं. वर फेस आला होता आणि वास सुटला होता. ज्या घरात कांद्याची सालसुद्धा फुकट जात नव्हती, त्या घरात दोघी शहाण्यांनी एकमेकींसाठी राखून राखून पातेलंभर अन्न नासवलं. ते मोरीत ओतताना वन्सं रडल्या. मीही रडले, पण खरं सांगायचं तर माझं निम्मं रडू अन्नासाठी होतं.

त्या दिवसापासून वन्संनी कायदा केला. “वहिनी, आजपासून समोरासमोर बसायचं. तू माझं ताट बघायचं, मी तुझं. ताट चाटूनपुसून दाखवल्याशिवाय कुणी उठायचं नाही.” पस्तीस वर्षे आम्ही तशाच जेवत आलो. धाकटे, पातेल्याबरोबर हे कामही तुझ्याकडे देते. तू दोन गल्ल्या सोडून राहतेस. आठवड्यातून चारदा तरी येऊन आत्यासमोर बस आणि तिचं ताट बघ. ती ‘आत्ताच खाल्लं’ म्हणेल. अजिबात विश्वास ठेवू नकोस.

कलम ५. सूनबाई, तुम्ही लग्न होऊन आलात त्या आठवड्यात लोण्याचे बारा रिकामे कागद केराच्या डब्यात टाकलेत. तवा पुसायला मी ते वर्षभर जमवले होते. मी तुम्हाला बोलले नाही, पण भांडी फार जोरात घासली, आणि तुम्हाला ते कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही केरातून कागद काढून, धुऊन, दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेत. धुतल्यावर त्यांचा काही उपयोग राहत नाही, हे तुम्हाला कोण सांगणार? मी गॅलरीत उभी राहून ते बघितलं आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या आहात. माझं शिवणयंत्र, कात्री आणि बटणांचे तीनही डबे तुमचे.

थोरल्याला मी दोऱ्यांचा डबा, झाकणांची पेटी आणि त्याने पाठवलेल्या मिक्सरचं खोकं देते. मिक्सर शेजारी दिला, खोकं चांगलं होतं. तो हसेल. हसू दे.

कलम ६. माझे दीर. यांनी सव्वीस वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी माझा कुकर नेला आणि परत दिला तो दुसऱ्याच कुणाची सैल रिंग घालून. तेव्हापासून शिट्टी व्हायच्या आधी कुकर बाजूने फुसफुसतो आणि मी त्याला ओल्या फडक्याने धरून बसते. विचारलं तर म्हणाले, “वहिनी, कुकर आहे, फुसफुसणारच.” त्यांना मी ती सैल रिंग देते. बाकी माझ्या मनात काही नाही. ते आजारी पडले तेव्हा महिनाभर डबा याच कुकरमधून गेला होता.

कलम ७. माझ्यामागे जेवण घालायचेच झाले तर घरातच करावे, बाहेरून आणू नये. शिळा पाव संपवावा. भात मोजून टाकावा आणि लोकांना आग्रह करावा तो वन्संनी, कारण त्यांचा आग्रह मोडत नाही.

कलम ८. साक्षीदार. आता ती गोष्ट.

दहा दिवसांपूर्वी वकीलबाई घरी आल्या. वन्संनी सकाळीच इस्त्रीचे कपडे घातले, चष्मा पुसला, पेनात शाई भरली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी धरूनच चाललं होतं की साक्ष त्यांचीच. आणि मी काय केलं, तर त्यांच्या देखत सांगितलं, “साक्षीला खालचे दुकानदार आणि वरच्या ग्रंथपालबाई येतील.” वन्संनी पेनाला टोपण लावलं. “बरं,” एवढंच म्हणाल्या आणि गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढू लागल्या. कपडे ओले होते.

तेव्हापासून बोलणं बंद. ताट घेऊन गॅलरीकडे तोंड करून बसतात. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांची पाठ बघत जेवते आहे. काल मी मुद्दाम निम्मं ताट तसंच ठेवलं आणि थांबले. त्या हात धुवायला उठल्या, माझ्या ताटात बघितलं, त्यावर आणखी पळीभर डाळ वाढली आणि मी संपवेपर्यंत मागे उभ्या राहिल्या. मी संपवलं.

मी त्यांना खरं सांगू शकत नाही. वीस वर्षांपूर्वी मी या घराच्या कागदावर त्यांचं नाव घालायला निघाले होते. “भावाच्या लेकरांचं काढून घेणारी मी नव्हे,” म्हणाल्या आणि पत्र्याची पेटी भरून बाइंडिंगच्या दुकानात राहायला गेल्या. तीन दिवस कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपल्या. आणण्यासाठी मला शपथ घ्यावी लागली. ती शपथ मी आज मोडते आहे. मोडल्याचं त्यांना मी असेपर्यंत कळलं तर त्या पुन्हा पेटी भरतील, आणि या वयात तीन जिने पेटी घेऊन उतरतील.

म्हणून वन्सं, हे तुम्ही वाचाल तेव्हा मी समोर नसेन. वकीलबाईंनी सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्याने साक्षीला सही करू नये, नाहीतर त्याचं मिळायचं राहून जातं. मला दोन्ही देता येत नव्हतं, मान आणि घर. मी घर दिलं. माझ्या आयुष्यात जे काही घडलं त्याला तुम्हीच साक्षीला होतात, माझ्या प्रत्येक घासाला होतात. परकी म्हणून मी तुम्हाला उठवलं नाही हो. माझा फार जीव आहे तुमच्यावर, आणि तोंडाने हे कधी म्हणायला जमलं नाही, तेव्हा इथे लिहिते. आता राग सोडा आणि पेटी माळ्यावरच राहू द्या.

येथवर मी लिहिले ते वाचून पाहिले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच आहे. खालील दोघांच्या समोर मी सही करत आहे आणि त्यांनी माझ्या समोर करावी.

लिहून देणारी: (सही)

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे किराणा दुकानदार. तीस वर्षे माझ्या याद्या वाचल्यामुळे माझे अक्षर यांच्याइतके कुणी ओळखत नाही. यांचा तराजू थोडा डावीकडे झुकतो, पण सही सरळ आहे. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपालबाई. (सही)

स्थळ: आमच्या स्वयंपाकघरातले टेबल, वन्सं दूध आणायला गेल्या असताना.
दिवस: शुक्रवार, तारीख एकोणीस, सकाळी सव्वादहा.

सोबत जोडलेले कागद:
एक, डॉक्टरांचा दाखला.
दोन, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचे एक पान. वकीलबाई यायच्या होत्या त्याच्या आदल्या दिवशी वन्संनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला एकवीस वेळा आपली सही गिरवली आहे. पहिल्या चार थरथरलेल्या आहेत, शेवटची सुरेख आली आहे. पान मला पातेल्याखाली ठेवलेले सापडले. वकीलबाईंना दोनदा विचारले. याने काही बिघडत नाही आणि याचा कायद्याला काही उपयोगही नाही, असे त्या म्हणाल्या. तरी ते या मृत्युपत्राचा भाग समजावे. त्यावर अजून थोडी जागा कोरी आहे, पण हा कागद कुणी कशालाही वापरायचा नाही.