हिरव्या पट्ट्याचं विमान

धुळे, शुक्रवार, २२ मार्च १९९६

उद्या अब्बा हजला निघतील, चार्टरच्या विमानानं. माझ्या कपाटात खऱ्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती आहेत, त्यांत तेही आहे, शेपटीवर हिरवा पट्टा असलेलं. खरं विमान आधी तीन चार्टर कंपन्यांनी उडवलंय, तिन्ही बंद पडल्या. कशाला वाचत बसलो मी हे सगळं?

अब्बांनी ते हातात घेतलं. "बेटा, यही जहाज?"

"हां अब्बा. एकदम नया."

सरळ खोटं बोललो.

हजला जाणारा सगळ्यांची माफी मागून निघतो. अब्बांची सगळ्या मोहल्ल्याची माफी मागून झाली, मग माझ्यापुढे आले. "कहा-सुना माफ कर."

मी हिरव्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिलो. माफ केलं, असं म्हणालोच नाही. माफी राहिली असेल, तर परत यावंच लागेल ना त्यांना?