विहीणबाईंचा पेरू

३ मार्च
पोरी, काल काय जेवलीस तेही तुला आठवत नसेल, म्हणून आधीच सांगते: मला मुळा पाठवायचा नाही. वासानेच डोकं उठतं माझं. तू दर वेळी विसरतेस आणि जुड्यांच्या जुड्या धाडतेस.

तुझ्या भावाकडे कायमची राहायला आले. खोली उजेडाची, पलंग मऊ, खिडकीबाहेर बाग. मी बोलते आणि सून लिहून घेते. तेव्हा सुनेची तक्रार या वहीत शोधू नकोस. हसली बघ! खोली तिच्या आईची. विहीणबाई इथेच गेल्या. मुळ्याशिवाय घास उतरत नसे त्यांच्या घशाखाली, एरवी बाई बरी होती.

५ मार्च
बागेत विहीणबाईंनी लावलेला पेरू आहे. फळ मुठीएवढं, आत गुलाबी. तुझा भाऊ म्हणतो, असा पेरू जगात नाही. आपल्या परसातला पांढरा पेरू भरवून वाढवलेला माझा मुलगा! शेजारीण, दूधवाला, जो तो ‘आजींचा पेरू’ करतो. अरे, आजी इथे जिवंत बसलीय ना! पोटात दुखलं. ओवा खाऊन थांबणारं नव्हे ते.

९ मार्च
आपल्या पेरूच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. कलम करायला वेगळं रोप मिळालं असतं. पण मी विहीणबाईंच्याच झाडाची मधली फांदी छाटली, चीर पाडली, माझी काडी खोचली. बांधायला चिंधी हवी होती. कपाटात त्यांच्या उशीचा अभ्रा सापडला, तो टरकन फाडला. आता झाड त्यांचं, पेरू माझा. कलमाला फळ वरच्या काडीचं लागतं, खालच्या खोडाचं नाही. काडीने जीव धरला की चिंधी तेवढी सोडायची, नाहीतर फांदीला काचते. सुनेचं तोंड उतरलं. उतरेना का.

२ एप्रिल
कलमाला पालवी फुटली. मी मात्र बेजार. गळ्याभोवती काहीतरी काचतंय. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय झालं. जसं काही आजच झालं! संध्याकाळी सुनेला ‘चिमणे’ अशी हाक मारली. तिच्या हातातलं भांडं पडलं. तिची आई हाक मारायची म्हणे तशी. मला हे नाव ठाऊकही नव्हतं.

१९ एप्रिल
चिंधी सोडायला गेले. गाठ सालीत रुतलीय. चाकू मागितला तर सून म्हणाली, राहू द्या ना, छान जगलंय. चाकू कुठे ठेवलाय, सांगत नाही. हेही लिही, म्हटलं. लिहिलं, म्हणाली. मला कुठे वाचता येतंय?

६ मे
माझ्या काडीला पेरू पिकला. इतक्या लवकर पिकत नाही कधी. कापला.
आत गुलाबी.

८ मे
तुझा भाऊ म्हणाला, आई, तुझा आवाज अगदी सासूबाईंसारखा झालाय. हसत होता. मी ओरडले, मी तुझी आई आहे— पण आवाज निघाला तो—

१० मे
सून माझे केस विंचरते. आजवर ‘अहो आई’ म्हणायची. आता ‘अगं आई’. चाकू दे म्हटलं. तर रडली. म्हणाली, अगं आई, पुन्हा जाऊ नकोस ना—

१२ मे
पोरी, ये. चाकू घेऊन ये. चिंधी काप— विहीणबाई, खोली घ्या, झाड घ्या, पण मुलगा माझा— पोरगी माझी— मला सोडा—

१३ मे
आज बरं वाटतंय. गळा मोकळा झाला. चिमणी किती सुरेख लिहिते!
ताई, तुम्ही फार विसरता म्हणे, म्हणून आधीच सांगते: मुळा पाठवा. चांगला जून, पाल्यासकट. माती धुऊ नका. आणि तुमच्या परसातल्या त्या पांढऱ्या पेरूच्या काड्या उरल्या असतील, तर त्याही—